आपल्या पेठेची कालकुपी: सोलापुरात सामूहिक स्मृतिपेटी कशी करावी

पेठेतील, गृहनिर्माण संस्थेतील किंवा गावातील माणसांनी एकत्र येऊन आजच्या जगण्याच्या खुणा एका पेटीत बंद कराव्यात आणि ठरलेल्या वर्षी पुढच्या पिढीने ती पेटी उघडावी, ही कल्पना ऐकताच सर्वांना आवडते. वर्गणी जमते, मुले उत्साहाने पत्रे लिहितात, एखाद्या शुभदिनी कार्यक्रमही होतो. त्यानंतर मात्र अशा बहुतेक पेट्या दोनच कारणांनी वाया जातात. एक तर आत पाणी शिरते, नाही तर पेटी नेमकी कोठे ठेवली आहे हे कोणाच्या लक्षात राहत नाही. हे काम प्रथमच हाती घेणाऱ्यांनी सगळी आखणी या दोन धोक्यांभोवती करावी आणि उघडणाऱ्या अनोळखी माणसाला आतील प्रत्येक वस्तूचा अर्थ लागेल एवढी काळजी घ्यावी. बाकीच्या गोष्टी कमी-जास्त झाल्या तरी चालते.

पाण्याबद्दल इतक्या आग्रहाने सांगण्याला कारण आहे. अमेरिकेतील टल्सा शहरात १९५७ साली एक कोरी मोटारगाडी काँक्रीटच्या भक्कम कोठडीत जमिनीखाली ठेवण्यात आली. अणुबाँबलाही दाद देणार नाही अशी कोठडी म्हणून तिचा त्या वेळी गौरव झाला होता. ५० वर्षांनी, १५ जून २००७ रोजी हजारो लोकांसमोर ती उघडली, तेव्हा पाण्यात राहून राहून गाडी गंजाने पोखरून गेलेली निघाली. याउलट बॉस्टनच्या राज्यभवनाच्या कोनशिलेत १७९५ मध्ये ठेवलेली नाणी आणि चांदीचा पत्रा, त्याचप्रमाणे १८५५ साली त्याच वस्तूंबरोबर पितळी पेटीत भरलेली वर्तमानपत्रे २०१५ साली पाहण्याच्या आणि वाचण्याच्या स्थितीत सापडली. टल्साची कोठडी जमिनीच्या पोटात होती आणि बॉस्टनची पेटी इमारतीच्या बांधकामात होती, हा फरक लक्षात ठेवला तरी निम्मे काम झाले.

पहिली पायरी: माणसे आणि मुदत

सुरुवात पेटीपासून करू नये, समितीपासून करावी. सात ते अकरा जणांची समिती पुरेशी असते, पण तिच्यात कोण आहे याला फार महत्त्व आहे. सोलापूरच्या एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा बोलल्या जातात. यंत्रमागावर काम करणारे पद्मशाली कुटुंब, विडी वळणाऱ्या मावशी, दुकानदार, निवृत्त गिरणी कामगार, शाळेतील शिक्षक आणि कॉलेजात जाणारी मुले शेजारी शेजारी राहतात. समितीत यांपैकी एकच गट असेल तर पेटीतही एकाच गटाचे सोलापूर राहील. आपल्या देशात याचे मोठे उदाहरण घडून गेले आहे. १५ ऑगस्ट १९७३ रोजी दिल्लीच्या लाल किल्ल्यात स्वतंत्र भारताचा इतिहास असलेले ‘कालपात्र’ पुरण्यात आले. तो इतिहास कोणी आणि कसा लिहिला यावरून वाद झाला आणि काही वर्षांतच, सत्ताबदलानंतर, ते उकरून काढण्यात आले. हजार वर्षांसाठी ठेवलेली वस्तू दहा वर्षेही राहिली नाही. म्हणून पेठेचा ‘अधिकृत इतिहास’ एकाच हाताने लिहून पेटीत ठेवण्याचा मोह टाळावा आणि त्याऐवजी अनेक माणसांनी आपापल्या नावाने, आपापल्या भाषेत लिहिलेले ठेवावे. मते एकमेकांना छेद देत असली तरी ती तशीच राहू द्यावीत.

मुदतीच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: पहिल्या पेटीसाठी २५ वर्षे घ्यावीत. अटलांटाजवळच्या ओगलथॉर्प विद्यापीठाने १९४० मध्ये बंद केलेली तळघरातील खोली इसवी सन ८११३ मध्ये उघडायची आहे. विद्यापीठाला असे संकल्प शोभतात, पण एखाद्या पेठेला सांभाळता येईल असा काळ वेगळा असतो. २५ वर्षांत आज दहा वर्षांचे असलेले मूल पस्तिशीत येते, त्याला पेटी आठवत असते, आणि तिची जागा दाखवू शकतील अशी मध्यमवयीन माणसेही बहुधा हयात असतात. त्याहून लांबची हौस असेल तर ओसाकाच्या १९७० सालच्या जागतिक प्रदर्शनाची पद्धत पाहावी. तेथे एकसारख्या दोन पेट्या एकावर एक पुरल्या, खालची इसवी सन ६९७० साठी राखली आणि वरची २००० साली उघडून, तपासून पुन्हा बंद केली. यापुढे ती दर शंभर वर्षांनी उघडायची आहे. आपणही दोन पेट्या करून एक २५ आणि दुसरी ५० वर्षांसाठी ठेवू शकतो. पहिली उघडताना दुसरीची अवस्था आपोआप कळते.

उघडण्याचा दिवस इंग्रजी तारखेने ठरवावा आणि तो सुट्टीचा असावा. गड्ड्याच्या यात्रेत, संक्रांतीला उघडण्याची कल्पना मनाला भावते, पण त्या दिवसांत नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे साऱ्या शहराचे लक्ष सिद्धेश्वर मंदिराकडे असते. २६ जानेवारी अधिक सोयीची ठरते, शिवाय त्या सुमारास हवाही कोरडी असते.

दुसरी पायरी: जागा

पेटी जमिनीत पुरलीच पाहिजे असे काही नाही. शक्यतो पुरू नये, असेच माझे सांगणे आहे. सोलापूरचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे कमी. त्यामुळे ‘आपल्याकडे कसली आली ओल’ असे वाटणे साहजिक आहे. परंतु येथील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ही फुगण्या-आकसण्याची क्रिया दरवर्षी होते, पुरलेल्या पेटीचे सांधे त्यामुळे ढिले होतात, आणि सप्टेंबरच्या जोरदार पावसात भेगांतून उतरलेले पाणी थेट पेटीपर्यंत पोहोचते. मुरमाड जमिनीत हा त्रास कमी असतो, पण खाली कातळ लागल्यावर त्यावर पाणी साचून राहते. यात भर म्हणून रस्ता रुंदीकरण, जलवाहिनी, ड्रेनेज, केबल अशा कारणांनी शहरात सतत खोदकाम चालू असते.

म्हणून वाचनालयाची, शाळेची, समाजमंदिराची किंवा गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयाची आतली भिंत निवडावी. भिंत बाहेरच्या बाजूची, न्हाणीघराला लागून असलेली किंवा टाकीखालची नसावी. जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर कोनाडा करून त्यात पेटी ठेवावी आणि पुढे दगडी फलक स्क्रूने बसवावा, सिमेंटने कायमचा चिणू नये. ज्या संस्थेची इमारत आहे तिचा ठराव लेखी घ्यावा. इमारत पाडली गेली किंवा विकली गेली तर पेटी कोणाच्या ताब्यात जाईल, हे त्याच ठरावात लिहून घ्यावे. जुन्या इमारती पुनर्बांधणीला निघण्याच्या आजच्या काळात हे कलम सर्वांत जास्त उपयोगी पडणार आहे.

ज्यांना पुरण्याचीच इच्छा आहे त्यांनी जागेच्या मालकाची किंवा महापालिका, ग्रामपंचायत यांची लेखी परवानगी घ्यावी. भुईकोट किल्ल्यासारख्या केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंतच्या प्रतिबंधित क्षेत्राचा विचारही करू नये. आणखी एक कायदेशीर बाब सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचे असते. आपल्या पेटीचे कागदपत्र व्यवस्थित असतील तर भविष्यात कोणाला अडचण येणार नाही. सोने-चांदी आत ठेवू नये, याला हेही एक कारण आहे.

हाच उपक्रम समुद्रकाठच्या गावी करायचा झाला तर गणित पुष्कळ बदलते. सोलापूरच्या काही कुटुंबांचे नातेवाईक रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे असतात, म्हणून थोडक्यात सांगतो. तेथे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात, जांभा दगड सच्छिद्र, भूजल वर आलेले आणि हवेत मीठ. खाऱ्या हवेतील क्लोराइड साध्या स्टेनलेस स्टीललाही टोकदार खड्डे पाडते, त्यामुळे तेथे ३१६ दर्जाचेच पोलाद घ्यावे लागते. भरतीची रेषा आणि किनाऱ्याची धूप पाहून पेटी गावातील उंचावरच्या शाळेत किंवा देवळात ठेवावी. वाळूत पुरलेली पेटी पुढे सापडण्याची आशा बाळगू नये.

तिसरी पायरी: पेटी

कोरड्या सोलापुरात ३०४ दर्जाचे, दोन मिलिमीटर जाडीचे स्टेनलेस स्टील पुरते. अक्कलकोट रस्त्यावरील किंवा चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत अशी पेटी करून देणारे फॅब्रिकेटर आहेत. त्यांना ‘एस.एस.ची पेटी करा’ एवढेच सांगितले तर ग्रिल-रेलिंगला वापरतात तो २०२ दर्जाचा पत्रा वापरला जाण्याची शक्यता असते. तो स्वस्त असतो, दिसायला सारखाच असतो, पण लवकर गंजतो. लोहचुंबक लावून हा फरक ओळखता येत नाही, कारण चुंबक दोन्हींना नीटसे चिकटत नाही. म्हणून दर्जा बिलावर लिहून घ्यावा आणि पत्र्याचे चाचणी प्रमाणपत्र मागावे.

सांधे आर्गन वेल्डिंगने करून घ्यावेत. झाकणही वेल्ड करून टाकावे असा सल्ला काही जण देतात, पण त्या उष्णतेने आतील कागद करपण्याची भीती असते आणि उघडताना ग्राइंडर चालवावा लागतो. त्यापेक्षा रुंद काठाचे झाकण, मध्ये सिलिकॉनचे गॅस्केट (फट बंद करणारी लवचिक पट्टी) आणि चहूबाजूंनी त्याच पोलादाचे नटबोल्ट ही रचना चांगली. लोखंडी नटबोल्ट वापरू नयेत. साधारण दीड फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटी एका पेठेला पुष्कळ होते. मोठी केली की भरण्यासाठी भरताड जमा होते. पी.व्ही.सी.चा जाड पाइप दोन्ही टोकांना बंद करून वापरण्याची युक्ती स्वस्त आहे, पण पी.व्ही.सी. जुने होताना आम्लाचा वायू सोडते आणि तो कागदाला घातक असतो. शाळेसारख्या ठिकाणी पैसे कमीच असतील तर रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्या घट्ट झाकणासह घ्याव्यात आणि त्या कपाटात ठेवाव्यात.

पेटी तयार झाल्यावर लगेच भरू नये. आत कोरा कागद आणि जड होण्यासाठी विटा ठेवून ती बंद करावी आणि पाण्याच्या हौदात आठवडाभर पूर्ण बुडवून ठेवावी. बाहेर काढून पुसून उघडल्यावर कागद कडक, कुरकुरीत असेल तर पेटी उत्तीर्ण झाली. किंचित जरी ओलसर वाटला तरी पेटी कारागिराकडे परत न्यावी. वर्गणीदारांसमोर ही चाचणी करावी, म्हणजे पेटीवर सर्वांचा विश्वास बसतो.

चौथी पायरी: आत काय ठेवावे

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. प्रत्येकाला मोठी, मानाची वस्तू द्यावीशी वाटते: सत्काराची फोटोफ्रेम, ट्रॉफी, संस्थेचा अहवाल, नेत्यांबरोबरचे छायाचित्र. पंचवीस वर्षांनी मात्र लोक साध्या गोष्टींसमोर थांबतात. नळाला किती दिवसांआड पाणी येते, ते किती वाजता येते, आल्याबरोबर घरात कोण काय भरते, पिंप किती आहेत. शेंगाचटणीचा, कडक भाकरीचा आणि पावशेर चहापत्तीचा आजचा भाव काय. दुपारी लाइट गेल्यावर मागावरची माणसे काय करतात. हुरडा खायला कोणाच्या शेतात जातात. नवीपेठेत दिवाळीची खरेदी कशी होते. हे कोणत्याही अहवालात लिहिलेले नसते. वर्तमानपत्रे ग्रंथालयांत सापडतील, पण पाणी येण्याच्या दिवसाची घरातील धावपळ आज आपण लिहिली नाही तर ती कायमची नाहीशी होईल. जुन्या गिरणीचा भोंगा ऐकून ज्यांची सकाळ सुरू होत असे ती पिढी आता थोडी उरली आहे. त्या भोंग्यांवर घराघरांचे वेळापत्रक कसे बसवले जाई, हे त्यांच्या तोंडून लिहून घेणे पेटीतील कोणत्याही स्मृतिचिन्हापेक्षा मोलाचे आहे.

म्हणून वस्तू मागवण्यापूर्वी प्रश्नावली तयार करावी. प्रत्येक घराने एक पान लिहावे: घरात किती माणसे, कोणती कामे, कोणत्या भाषा, सकाळपासून रात्रीपर्यंतचा एक सामान्य दिवस, महिन्याचा किराणा, या वर्षी घडलेली आनंदाची आणि काळजीची एकेक गोष्ट. लिहिता न येणाऱ्या वडीलधाऱ्यांकडे मुलांना पाठवून त्यांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. सोलापुरी मराठीला कन्नड-तेलुगूचा जो हेल आहे तो शुद्धलेखनाच्या हौसेपायी पुसून टाकू नये. कन्नड, तेलुगू आणि उर्दू मजकूर मूळ लिपीतच राहू द्यावा आणि सोबत मराठी अनुवाद जोडावा.

छायाचित्रांसाठी एक सोपी पद्धत सुचवतो. एखाद्या सकाळी पेठेतील मुख्य रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जावे आणि दोन्ही बाजूंच्या प्रत्येक इमारतीचा, दुकानाच्या पाटीसह, क्रमाने एकेक फोटो घ्यावा. कोणालाही सजून उभे करू नये. पुढे हीच मालिका सर्वाधिक पाहिली जाईल. मुलांनी काढलेला गल्लीचा नकाशाही ठेवावा. मोठ्यांच्या नकाशात नसलेली क्रिकेटची जागा, चावणारा कुत्रा आणि चिंचेचे झाड त्यात हमखास असते.

वस्तूंपैकी आपल्या शहराची ओळख म्हणून चादर सर्वांच्या मनात येते आणि ती असावीच. पण अख्खी चादर पेटीची अर्धी जागा घेते, शिवाय सुती कापड हवेतील ओल धरून ठेवते. त्यामुळे नक्षी दिसेल एवढा तुकडा घ्यावा. मागावर तो विणणाऱ्या कारागिराकडून कोणत्या नंबरचे सूत, कोणता रंग, मागाचा प्रकार, दिवसाला किती चादरी निघतात आणि मजुरी किती, ही माहिती लिहून सोबत ठेवावी. हातमागाचा जुना धोटा मिळाला तर उत्तम. विडी मात्र ठेवू नये. तंबाखूत वाढणारे बारीक किडे पेटीतील कागद आणि कापडापर्यंत पोहोचू शकतात. त्याऐवजी तेंदूची पाने कापताना वापरायचा पत्र्याचा साचा आणि कात्री ठेवावी, आणि हजार विड्या वळायला किती तास लागतात हे त्या मावशींच्या शब्दांत लिहावे.

जे ठेवू नये त्याची यादी तशी लहान आहे. खाण्याचे पदार्थ, अगदी ज्वारीचे दाणेसुद्धा, नकोत. मालदांडीचे बी पुढे पेरता येईल अशी कल्पना कितीही सुंदर असली तरी उष्ण भिंतीतील पेटीत ते उगवणक्षम राहत नाही आणि किडीला आमंत्रण मिळते. बॅटरी व सेल गळतात, म्हणून मोबाइल ठेवायचाच तर बॅटरी काढून ठेवावा. रबर, चामडे, लोकर, अत्तर, काडेपेटी, फटाके, औषधे आणि कोणताही द्रव पदार्थ टाळावा. नोटा आठवण म्हणून एक-दोन ठेवाव्यात, निधी म्हणून नव्हे; नोव्हेंबर २०१६ मध्ये कपाटातील नोटांचे एका रात्रीत काय झाले हे सर्वांनी पाहिले आहे. आधार क्रमांक, बँक खाते, फोन क्रमांक किंवा कोणाच्या आजारपणाची माहिती पत्रांत राहणार नाही, हे समितीने तपासावे. लहान मुलांच्या पत्रांसाठी पालकांची संमती घ्यावी. एखाद्याला आपले पत्र बंद पाकिटात ठेवायचे असेल तर त्या इच्छेचा मान राखावा, फक्त ते कोणी आणि कोणासमोर उघडायचे हे पाकिटावर लिहून घ्यावे.

पाचवी पायरी: कागद टिकवणे

वर्तमानपत्राचा कागद काही वर्षांतच पिवळा पडून तुकडे होतो, कारण त्यातील लाकडाचा अंश आम्ल तयार करतो आणि ते आम्ल शेजारच्या कागदांनाही खराब करते. म्हणून वर्तमानपत्राची महत्त्वाची पाने आम्लविरहित कागदावर लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स करून ठेवावीत. त्यांची काळी भुकटी कार्बनची असल्याने ती उडत नाही. घराघरांतील पत्रांसाठी सुती चिंध्यांपासून केलेला हातकागद सर्वोत्तम, मात्र तो आम्लविरहित आहे याची खात्री विक्रेत्याकडून करून घ्यावी. लिहिण्यासाठी पेन्सिल किंवा चित्रकलेच्या दुकानात मिळणारी कार्बनची काळी शाई वापरावी. बॉलपेनच्या शाईचा रंग फिकट होतो. एस.टी.च्या यंत्रातून निघणारे तिकीट, एटीएमची पावती आणि मॉलचे बिल हे उष्णतेने छापलेले कागद असतात. त्यांवरची अक्षरे काही वर्षांत पूर्ण उडून जातात, म्हणून त्यांच्या प्रती काढल्याशिवाय ते पेटीत घालू नयेत.

टाचण्या, स्टेपल, रबरबँड आणि सेलोटेप काढून टाकावेत. लॅमिनेशन करू नये; त्यामुळे कागद सुरक्षित झाल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात तो चिकट द्रव्यात कायमचा अडकतो. फोटो आणि पत्रे पॉलिएस्टरच्या किंवा पॉलिप्रोपिलीनच्या पारदर्शक पाकिटात स्वतंत्र ठेवावीत. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने दिनांक, ठिकाण आणि व्यक्तींची नावे डावीकडून उजवीकडे लिहावीत. ‘आमचे मंडळ’ एवढे लिहिलेल्या फोटोचा उघडणाऱ्याला काही उपयोग होत नाही.

पेनड्राइव्हबद्दल तरुण मंडळींचा आग्रह हमखास असतो. तो ठेवण्यास हरकत नाही, पण त्यावर विसंबून राहू नये. त्यातील माहिती विद्युतभाराच्या रूपात साठलेली असते, वापराविना पडून राहिल्यास तो भार हळूहळू कमी होतो, आणि २५ वर्षांनी तो खुपसायला योग्य खाच असलेले यंत्र मिळेलच असे नाही. क्यू.आर. कोड तर मुळीच ठेवू नये, कारण तो ज्या पत्त्याकडे नेतो तो पत्ताच राहत नाही. ध्वनिमुद्रणे असतील तर त्यांचा संपूर्ण मजकूर कागदावर उतरवावा. मूळ फाइली वाचनालयाच्या संगणकावर ठेवाव्यात आणि दर काही वर्षांनी नव्या साधनावर उतरवाव्यात.

सहावी पायरी: बंद करणे

पेटी पावसाळ्यात कधीही बंद करू नये. फेब्रुवारी-मार्चमधील कोरडी दुपार निवडावी. बंद करताना आत कोंडली जाणारी हवा दमट असेल तर रात्रीच्या गारव्यात तिच्यातील बाष्प पत्र्यावर आतून दवासारखे जमा होते, आणि मग बाहेरचे पाणी अडवून काही उपयोग राहत नाही. कापड आणि कागद आधी दोन-तीन दिवस कोरड्या खोलीत, थेट ऊन न लागता, पसरून ठेवावेत. कापड साबणाशिवाय, खळ न घालता धुऊन पूर्ण वाळवावे आणि धुतलेल्या कोऱ्या मांजरपाटात गुंडाळावे. लाकडी धोटा, लोखंडी कात्री आणि कागद यांचा एकमेकांना स्पर्श होऊ नये. धातूच्या वस्तू वेगळ्या पाकिटात घालाव्यात. जड वस्तू खाली, कागद आडवे आणि सर्वांत वर उघडणाऱ्यांसाठीचे पत्र, असा क्रम ठेवावा.

ओल शोषण्यासाठी सिलिका जेलच्या कापडी पुड्या ठेवाव्यात. आपल्या आकाराच्या पेटीला अर्धा किलो पुरेसे आहे. कोरडे असताना नारिंगी दिसणारे आणि ओल शोषल्यावर रंग बदलणारे जेल घ्यावे. दुकानातून आणलेल्या जेलने आधीच ओल घेतलेली असू शकते, म्हणून भरण्याच्या दिवशी ते ओव्हनमध्ये ११० ते १२० अंश सेल्सिअसवर काही तास तापवून, बंद डब्यात गार करून लगेच पेटीत घालावे. पेटीत घातलेला हात कोरडा असावा. लोणच्याच्या बरणीच्या बाबतीत आपल्या घरात जी शिस्त पाळली जाते तीच येथे पाळावी. भाषणे आणि हारतुरे पेटी बंद करण्यापूर्वी उरकावेत. झाकण उघडे ठेवून तासभर चाललेला कार्यक्रम जेल निकामी करतो.

सातवी पायरी: विसर पडू न देणे

पेटी जेवढी भक्कम, तेवढीच तिची नोंद भक्कम हवी. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी वेस्टिंगहाउस कंपनीने इसवी सन ६९३९ साठी पेटी पुरली, तेव्हा तिची माहिती देणाऱ्या पुस्तकाच्या तीन हजारांहून अधिक प्रती जगभरातील ग्रंथालयांत आणि मठांत पाठवल्या होत्या. आपल्याला पाच-सहा प्रती पुरतात. वस्तूंची क्रमांकवार यादी, प्रत्येक वस्तूचा फोटो, दात्याचे नाव, जागेचा नकाशा, परवानगीची प्रत आणि उघडण्याची तारीख अशी वही करून तिची एक प्रत शहरातील जुन्या सार्वजनिक वाचनालयात, एक शाळेत, एक संस्थेच्या दप्तरात, एक महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत आणि एक पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या ग्रंथालयाला विनंती करून द्यावी. प्रत्येक ठिकाणची पोच घ्यावी.

जागा लिहिताना एकाच खुणेवर भरवसा ठेवू नये. होटगी रस्त्याकडील साखर कारखान्याची उंच चिमणी कित्येक वर्षे अख्ख्या परिसराची खूण होती आणि २०२३ मध्ये ती पाडली गेली. म्हणून किमान तीन पक्क्या जागांपासूनचे अंतर मीटरमध्ये मोजून लिहावे आणि सोबत अक्षांश-रेखांशही द्यावेत. कोनाड्यावरच्या फलकावर ‘येथे कालकुपी आहे’, बंद केल्याची आणि उघडण्याची तारीख आणि नोंदवही कोठे आहे ते कोरून घ्यावे. रंगाने लिहिलेली अक्षरे टिकत नाहीत.

माणसांची साखळीही लिहून ठरवावी. समितीतील प्रत्येक सदस्याने आपल्याहून किमान वीस वर्षांनी लहान असा एक वारस नेमावा आणि त्याचे नाव वहीत घालावे. दरवर्षी एका ठरलेल्या दिवशी फलक पुसायचा, भिंतीला ओल आली आहे का ते पाहायचे, वहीवर सही करायची आणि मुलांना पेटीची हकीगत सांगायची, एवढाच कार्यक्रम ठेवावा. यासाठी मला १२ जानेवारी योग्य वाटते. १९३१ साली याच दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी देण्यात आली. हुतात्म्यांना अभिवादन करण्यासाठी माणसे त्या दिवशी तसेही एकत्र येतात, आणि पेटीसाठी वेगळी बैठक बोलवावी लागत नाही.

आठवी पायरी: उघडणाऱ्यांसाठी पत्र

पेटीत सर्वांत वर ठेवायच्या पत्रात प्रथम कृती सांगावी आणि भावना नंतर. बोल्ट कोणत्या मापाच्या पान्याने आणि कोणत्या क्रमाने सैल करायचे, पेटी आधी दिवसभर खोलीच्या तापमानाला ठेवायची, आत पाणी आढळल्यास ओले कागद ओढून वेगळे न करता संवर्धकाला, म्हणजे जुने कागद जपणाऱ्या तज्ज्ञाला, बोलवायचे, वस्तू बाहेर काढताना यादीशी ताडून पाहायच्या आणि प्रत्येकीचा फोटो घ्यायचा, हे स्पष्ट लिहावे. बाहेर काढलेल्या वस्तूंचे पुढे काय करायचे याबद्दल आपली इच्छा सांगावी: घरोघरची पत्रे त्या त्या कुटुंबाला द्यावीत, उरलेले वाचनालयात जावे. टल्साची गाडी ज्या माणसाने स्पर्धेत जिंकली होती तो ती बाहेर निघण्याच्या २८ वर्षे आधीच वारला होता आणि गाडी त्याच्या बहिणींकडे गेली. आपल्या पत्रलेखकांच्या बाबतीतही असे घडणारच, म्हणून प्रत्येक पाकिटावर लिहिणाऱ्याच्या नावाखाली वारसाचेही नाव असावे. या पत्राची एक प्रत नोंदवहीत चिकटवावी, कारण पेटी कशी उघडायची हे पेटी उघडल्यावर कळून उपयोग नाही.